चार दुकानांच्या याद्या, एकच वही

खारघरच्या एका ताईंनी विचारलंय : भाचीचं लग्न डिसेंबरात ठाण्यात आहे. तिने ॲमेझॉनवर विशलिस्ट केली आहे, आयकियाच्या ॲपमध्ये बरंच काही साठवून ठेवलंय, जांभळी नाक्याच्या एका भांड्यांच्या दुकानात जाऊन कागदावर यादी लिहून आणली आहे, आणि होणाऱ्या जावयाची फ्लिपकार्टवरची यादी आणखी वेगळी. नातेवाईक विचारतात, "काय द्यायचं ते सांगा," आणि दरवेळी चार ठिकाणचे फोटो नि लिंका पाठवाव्या लागतात. हे सगळं एका ठिकाणी आणता येईल का? अमेरिकेतला मामा कुठलंसं रजिस्ट्रीचं, म्हणजे लग्नात हव्या असलेल्या भेटींच्या यादीचं, ॲप सुचवतोय, ते घ्यावं का?

ताई, एका ठिकाणी आणता येतं. ठाण्यात लग्नांची कामं घ्यायला लागून मला चौदा वर्षं झाली. हॉल, केटरर आणि गुरुजींच्या जोडीला हे याद्यांचं कामही हळूहळू गळ्यात पडलंय, त्यामुळे यातले खड्डे मला पाठ आहेत. चार ठिकाणच्या वस्तू एका पानावर उतरवणं हे एका संध्याकाळचं काम आहे. गोंधळ होतो तो पुढे, कारण कुणी काय घेतलं ते त्या पानाला कळत नाही.

ॲमेझॉनचंच बघा. तुमच्या भाचीची लिस्ट उघडून काकांनी तिथूनच मिक्सर घेतला, तर लिस्टला ते समजतं आणि पुढच्या माणसाला तो 'घेतलेला' दिसतो. पण काकांनी लिस्टमध्ये नुसतं मॉडेल बघितलं आणि गोखले रोडवर घासाघीस करून दोनशे रुपये कमी देऊन तोच मिक्सर आणला, तर लिस्टला पत्ताच नाही. आपल्याकडे बरेच जण असंच करतात, आणि त्यात चूक काहीच नाही. तिकडे आत्या तीच लिस्ट उघडते, मिक्सर शिल्लक दिसतो, ती ऑर्डर टाकते. एकाच दुकानाच्या यादीत हे होतं, तर चार दुकानांचं काय सांगावं.

आता मामाचं ॲप. मायरजिस्ट्री, बेबीलिस्ट वगैरे सेवांची मूळ कल्पना चांगली आहे. ब्राउझरमध्ये एक बटण बसवायचं, कुठल्याही दुकानाच्या वेबपानावर ते दाबलं की वस्तूचं नाव, फोटो, किंमत आणि लिंक तुमच्या यादीत येऊन पडते. पाहुणा यादी उघडतो, तिथून मूळ दुकानात जातो, खरेदी करतो आणि परत येऊन 'मी घेतलं' अशी खूण करतो. सगळं या परत येण्यावर उभं आहे. तिकडच्या लोकांना ती सवय आहे. शिकागोच्या मार्शल फील्ड्स या दुकानाने नववधूंसाठी अशी नोंदवही १९२४ साली सुरू केली, आणि १९९३ मध्ये टार्गेट या तिकडच्या दुकानसाखळीने तर हवं ते यादीत टिपायला जोडप्यांच्या हातात स्कॅनर देऊन दुकानभर फिरायला सोडलं. म्हणजे तीन पिढ्यांची सवय झाली. आपल्या पाहुण्याला "आधी ईमेल टाका, खातं उघडा" म्हटलं की तो मुकाट्याने पाकिटात एक हजार एक घालतो आणि मोकळा होतो. तुमचे पाहुणे बहुतेक मुलांच्या ऑफिसचे असतील तर ॲप घ्या. नात्यातले असतील तर गूगल शीट आणि व्हॉट्सॲप पुरे.

शीट करायच्या आधी एक काम आहे आणि ते सगळेच टाळतात. याद्या एकमेकींखाली चिकटवू नका. भाची आणि जावई दोघांना समोरासमोर बसवा आणि लिंका विसरून घरातल्या जागांप्रमाणे विचारा : ओट्यावर काय हवं, फ्रिजच्या बाजूला काय, बाथरूममध्ये, बेडरूममध्ये, गॅलरीत. तिच्या यादीत '७५० वॉट मिक्सर ग्राइंडर, तीन भांडी' आणि त्याच्या यादीत 'ज्यूसर मिक्सर' असतं. दोन दुकानं, दोन नावं, ओट्यावर जागा एकाच यंत्राला. अशा बसण्यात यादी चांगलीच आखडते. मागच्या मे महिन्यात कळव्याच्या एका जोडप्याच्या दोन याद्यांत मिळून सहा इलेक्ट्रिक किटल्या निघाल्या होत्या, कारण ऑफर दिसली की दोघंही ती साठवून ठेवत.

मग प्रत्येक वस्तूसाठी एक ओळ. माझ्या शीटमधली एक ओळ जशीच्या तशी सांगते : '१७. प्रेशर कुकर, ५ लिटर, स्टीलचा, बाहेरचं झाकण, इंडक्शनवर चालणारा. अंदाजे ₹३,०००. कुठलंही दुकान चालेल. नग १.' यात सगळ्यात कामाचे शब्द 'कुठलंही दुकान चालेल' हे आहेत. तुमचा प्रश्न चार दुकानांचा आहे ना? बहुतेक वस्तूंना दुकान महत्त्वाचं नसतंच, माप आणि प्रकार महत्त्वाचा असतो. दुकान सक्तीचं असेल तिथेच लिंक द्या, बाकी ठिकाणी लिंक फक्त 'असा दिसतो' म्हणून. एवढं केलं की चारातल्या दोन याद्या आपोआप विरघळतात. कुकरच्या ओळीत मी 'आयएसआय मार्क बघून' हेही घालते. २०२१ पासून घरगुती कुकरला तो मार्क सक्तीचा आहे, पण स्वस्तातला माल खपवणारे अजून भेटतात.

डावीकडचा तो १७ हा आकडा सर्वात मोलाचा. प्रत्येक वस्तूला एकदा नंबर दिला की तो बदलायचा नाही, वस्तू यादीतून काढली तरी नाही. कारण तुमच्या सांगलीच्या आत्या शीटमध्ये काहीही लिहिणार नाहीत. त्या फोन करून म्हणणार, "अगं, सतरा नंबर आमचा हं." इतकं सोपं असलं तरच लोक सांगतात. व्हॉट्सॲपवर नुसतं '१७' आलं तरी चालतं.

शीटमध्ये लिहिणारं माणूस एकच ठेवा. आपल्याकडे लग्नात "आहेर लिहायला कोण बसणार?" असा प्रश्न असतोच, आणि ज्याचं अक्षर बरं तो बिचारा शेवटच्या पंगतीपर्यंत वही घेऊन अडकतो. तीच नेमणूक दोन महिने आधी करायची. नवरीची आई नको, नवरी तर नकोच, कारण तिला "हे नको, दुसरं दे" असं कुणी तोंडावर म्हणू शकत नाही. एखादी मावसबहीण किंवा काकू बरी. तुमच्या घरात ते माणूस तुम्हीच असाल असं दिसतंय.

एकच का, ते अनुभवाने सांगते. पूर्वी मी शीटला सगळ्यांना लिहायची मुभा देत असे. ऐरोलीच्या एका लग्नात कुणीतरी मोबाइलवर किमतीप्रमाणे यादी लावायला गेलं आणि फक्त किमतीचा रकाना वरखाली झाला. वस्तू जागच्या जागी आणि किमती भलत्याच. सहाशेचा तवा साडेआठ हजारांना आणि मायक्रोवेव्ह सहाशेला. नवरदेवाच्या आत्येभावाने लगेच मायक्रोवेव्हवर नाव घातलं! जुनी आवृत्ती परत आणता येते म्हणून आणली, तर मधल्या तीन तासांत ज्यांनी नावं लिहिली होती ती पुसली गेली. ती नावं परत गोळा करायला माझा अख्खा रविवार गेला.

तेव्हापासून दोन फायली करते. एक आतली वही. तिच्यात सगळं : कुणी घेतलं, फोन, पैसे किती, वस्तू आली का. ती फक्त माझ्याकडे आणि घरातल्या एका माणसाकडे. दुसरं बाहेरचं पान. त्यात नंबर, वस्तू, माप, अंदाजे किंमत आणि 'शिल्लक' की 'ठरलं' एवढंच. लिंक असलेल्या कुणालाही ते नुसतं बघता येतं. बाहेरच्या पानाला आतल्या वहीतून 'इम्पोर्टरेंज' या सूत्राने हवे तेवढेच रकाने ओढता येतात, म्हणजे तुम्ही वहीत 'ठरलं' लिहिलं की पानावर थोड्या वेळात तेच दिसतं. एकाच फाइलमध्ये नावांचा रकाना लपवून काम भागेल असं वाटतं, पण भागत नाही. बघणाऱ्याने फाइलची कॉपी काढली की लपवलेला रकाना उघडता येतो. आणि कुणी किती खर्च केला हे नात्यात उघड झालं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

'सांगितलं' आणि 'घेतलं' यांत फरक ठेवा. नंबर सांगितला की आठ दिवस राखून ठेवायचा, मग एक फोन : "काका, मिळाला का कुकर?" निम्म्या वेळा उत्तर येतं, "हो हो, बघतोय." मग आणखी आठ दिवस. तिसऱ्या वेळी सरळ म्हणायचं, "दुसऱ्या कुणाला देऊ का नंबर?" यात संकोच करू नका.

आता दुकानं. आयकियाच्या प्रत्येक वस्तूला आठ आकडी लेख क्रमांक असतो, तीन-तीन-दोन अशा गटांत छापलेला. लिंकपेक्षा तो लिहा. नावं स्वीडिश असल्यामुळे फोनवर सांगता येत नाहीत, आकडे सांगता येतात. शिवाय पाच पाहुण्यांनी पाच छोट्या वस्तू घरपोच मागवल्या तर पाच वेळा डिलिव्हरीचे पैसे पडतात. त्यापेक्षा ज्यांनी ते नंबर घेतलेत त्यांच्याकडून पैसे जमा करा आणि मुलांना एकदा तुर्भ्याला पाठवा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने तुर्भे स्टेशन, तिथून दुकान जवळ. फर्निचर तर पाहुण्याला घेऊच देऊ नये. कपाटाचं माप घरातल्या जागेत बसतं का, हे ज्यांना तिथे राहायचंय त्यांनीच बघावं.

भांड्यांच्या दुकानाला लिंक नसते, पण माझ्या मते तीच यादी सगळ्यात भरवशाची. दुकानदाराला सांगा, "शेठ, या नावाने पान लिहून ठेवा." ठाण्यातले जुने भांडीवाले हे आनंदाने करतात. त्यांच्या पानावर आणि तुमच्या वहीत नंबर तेच हवेत. पाहुणा दुकानात गेला, "त्यांच्या लग्नाचं सव्वीस नंबर द्या" म्हणाला की दुकानदार रेघ मारतो आणि संध्याकाळी तुम्हाला एक मेसेज टाकतो. तांब्या-पितळेचा भाव वजनावर असतो, म्हणून किंमत 'सुमारे' लिहा, आणि घंगाळ किंवा समई असेल तर वजनही.

आणि भांड्यावर नाव घालायचं की नाही ते आधी ठरवा. हे मी घरच्या लग्नात शिकले. धाकट्या दिराच्या लग्नात तीन स्टीलचे कुकर आले. दोन बदलून घ्यावेत म्हणून पिशवीत घालून मी एका दुकानात गेले. मालक तयारही झाला होता. मग त्याने डबा उघडला, झाकण उजेडात तिरकं धरलं, आणि कडेला बारीक अक्षरांत 'सप्रेम भेट' आणि खाली माझ्या चुलतसासऱ्यांचं नाव. दुसऱ्यावरही तसंच. तो म्हणाला, "वहिनी, ही आता तुमचीच." ते दोन्ही कुकर अजून माळ्यावर आहेत. तेव्हा यादीवर वरच एक ओळ घाला : नाव घालायचं असेल तर आधी वहीवाल्या ताईंना विचारा. म्हाताऱ्या मंडळींचं मन मोडू नये म्हणून दोन-तीन वस्तू खास नावासाठी ठेवायच्या. समई, पूजेचं ताम्हन, मोठा तांब्या. त्यांच्यावर नाव शोभतं.

चांदी यादीत घालू नका. भाव रोज हलतो, आणि किंमत लिहून ठेवली की देणाऱ्याची पंचाईत. साड्याही नकोत, तो मानपानाचा वेगळा हिशेब आहे.

फ्रिज, वॉशिंग मशीन अशा मोठ्या वस्तूला वर्गणी काढायची तर एका माणसाने विकत घ्यायची आणि बाकीच्यांनी त्याला यूपीआय करायचं. वहीत १२ नंबरखाली १२अ, १२ब, १२क असे भाग पाडा आणि पैसे जमल्याशिवाय ऑर्डर टाकू नका. एकाने "मी नंतर देतो" म्हटलं की तो नंतर येत नसतो. बिल मात्र नवरा-नवरीच्या नावाने घ्या, वॉरंटीच्या वेळी बरं पडतं. कुणाला गिफ्ट कार्डच द्यायचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका प्रीपेड गिफ्ट कार्डात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम नसते. ज्यांना जास्त द्यायचंय त्यांनी दोन-तीन घ्यावीत किंवा सरळ मुलांच्या खात्यात पैसे घालावेत. मुलांच्याच खात्यात, आईवडिलांच्या नव्हे. लग्नानिमित्त मिळालेल्या भेटीला आयकरातून सूट आहे ती ज्याचं लग्न त्याला. वास्तुशांत किंवा बारशाला ही सूट नाही. तिथे नात्याबाहेरच्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम जमली तर ती करपात्र होते.

पत्ता आणि तारीख याकडे लोक दुर्लक्ष करतात. ऑनलाइन वस्तू परत करायची किंवा बदलायची मुदत ती घरी आल्या दिवसापासून मोजतात, लग्नाच्या दिवसापासून नव्हे. ऑक्टोबरात आलेला मिक्सर डिसेंबरात उघडला आणि भांडं फुटकं निघालं, तर कुणी विचारत नाही. म्हणून खोकं आलं त्याच दिवशी उघडायचं, विजेची वस्तू असेल तर लावून बघायची, बिलाचा फोटो वहीत टाकायचा आणि मग परत टेप मारायची. कागद फाडायला हात धजत नाही हे मला माहीत आहे. तरी फाडा. पत्ता मुलीच्या माहेरचा द्या, पण फोन नंबर तुमचा, कारण डिलिव्हरीवाला गेटवरून ओटीपी मागतो आणि भाची तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये असते.

मामाला सांगा, तिकडून पेटी पाठवू नकोस. पार्सलवर 'गिफ्ट' लिहिलं की कस्टम्स ड्यूटी लागत नाही, हा जुना समज आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून ती सवलत गेली, आता पूर्ण ड्यूटी बसते. त्यात तिकडचा मिक्सर ११० ते १२० व्होल्टचा, आपल्याकडे वीज २३० ची. त्याने इथल्याच साइटवर ऑर्डर करावी किंवा पैसे पाठवावेत आणि एखादा मोठा नंबर आपल्या नावावर घ्यावा.

आता थोडं नाजूक. ही यादी कुणाला पाठवायची? पत्रिकेवर छापू नका, क्यूआर कोड तर नकोच. "आहेर आणू नयेत" असं खाली छापायचं आणि वर लिंक द्यायची, हेही मी पाहिलंय. जो विचारतो त्यालाच लिंक द्या. आणि मुलाकडच्यांच्या हातून मुलीच्या आईवडिलांकडे ही यादी कधीही जाऊ देऊ नका. मित्रांना दिलेली यादी ही सोय असते. तीच व्याह्यांकडे गेली की मागणी होते, आणि मागणीला १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात वेगळं नाव आहे. मुलाने आपल्या माणसांना द्यावी, मुलीने आपल्या.

याच कायद्याखाली १९८५ साली नियम झाले, ते फार थोड्यांना ठाऊक असतात. त्यांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी लागते : नवरीला मिळालेल्या वस्तूंची नवरीने, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्याने. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, तो नातेवाईक असेल तर नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. तुमच्या आतल्या वहीत यातलं जवळजवळ सगळं आधीच असतं. फक्त 'नातं' आणि 'कुणाला दिलं' हे दोन रकाने सुरुवातीलाच वाढवून ठेवा.

हळदीच्या दिवशी बाहेरच्या पानाची लिंक बंद करा, नाहीतर लग्नाच्या सकाळी कुणीतरी गाडीत बसल्या बसल्या ऑर्डर टाकतं. आतल्या वहीची एक छापील प्रत काढून हॉलवर आहेर लिहायला बसणाऱ्याकडे द्या. जे हातात येईल त्याच्या नंबरापुढे खूण, यादीबाहेरचं आलं तर शेवटी नवी ओळ. सह्या मात्र दुसऱ्या दिवशी, सत्यनारायणाला दोघं पाटावर शेजारी बसलेली असताना गुरुजींची आरतीची तयारी चालू आहे तेवढ्यात घेऊन टाका. एकदा केरळला निघून गेली की पंधरा दिवस फोन उचलत नाहीत.